निवडून ठेवलेलं

पहाटे ५.१५

नळातून आधी हवा फुसफुसते, मग चार थेंब, मग धार. बहुतेकदा त्या फुसफुशीनेच मला जाग येते. तुर्भ्याच्या सेक्टर २१मध्ये सिडकोच्या जुन्या इमारतीत आमचं घर. पाणी सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी येतं. पहिली बादली धुण्याला जाते, कारण रात्रभर पाइपात बसलेलं पाणी तीत उतरतं. त्यानंतर पिण्याची कळशी लावते, तोंडाला चौपदरी सुती फडकं बांधून.

पाणी मोरब्याचं. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर हे धरण आहे आणि ते नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे. पातळी ८८ मीटरला पोचली की धरण भरलं. पावसाचं साठलेलं हे पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन आमच्यापर्यंत येतं. मे महिन्यात धरणाची पातळी किती उतरली, हे आमच्या जिन्यात भाजीच्या भावाइतक्याच आस्थेने विचारलं जातं.

दोन वर्षांपूर्वी दारावर एक विक्रेता आला होता. त्याने आमच्या पाण्याच्या ग्लासात धातूच्या काड्यांचं एक यंत्र बुडवलं, वीज लावली आणि मिनिटाभरात पाणी तपकिरी, फेसाळ झालं. शेजारी त्याने आपल्या आरओ मशिनचं पाणी ठेवलं; ते नितळच राहिलं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "एवढी वर्षं हे पीत होतो आपण?" मशीन हप्त्यावर घ्यायचं जवळजवळ ठरलंच. संध्याकाळी दीर कामावरून आला आणि चहा घेता घेता म्हणाला, "वहिनी, तो गाळ पाण्यातला नाही. काडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, म्हणून ते तसंच राहतं."

मग आम्ही टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजायचा पेन आणला. आकडा शंभराच्याही आत आला. आयएस १०५०० या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. ज्यांना बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी प्यावं लागतं, त्यांना आरओ हवा. त्यात गाळून मिळतं त्याहून जास्त पाणी बहुतेक वेळा वाया जातं, तेही त्यांना सोसावं लागतं. आम्हाला त्याची गरज नव्हती. मात्र पेन क्षार दाखवतो, जंतू दाखवत नाही. आमची खरी भीती इमारतीच्या टाकीची होती. जिन्यातल्या बायकांनी मिळून टाकी दर सहा महिन्यांनी धुवून घ्यायचं ठरवलं. घरी पाणी खळखळून उकळतं, मी मिनिटभर तसंच ठेवते, मग झाकते. मशिनचा हप्ता वाचला आणि पाण्याची काळजीही मिटली.

सकाळी ६.३०

सासूबाई सूप घेऊन खिडकीशी बसल्या आहेत. तांदूळ आता पिशवीतून स्वच्छच येतात, तरी त्या निवडल्याशिवाय शिजवत नाहीत. बोटाच्या टोकाने दाणे पुढे सारायचे, खडा दिसला की चिमटीत धरून बाजूला. पाऊण तास भुकेल्या पोरांना थांबवून ठेवतील, पण निवडायचं सोडणार नाहीत.

मराठीत निवडणं म्हणजे पसंत करणं आणि निवडणं म्हणजे खडे काढणं. दोन्हीला शब्द एकच. दुकानात किंवा फोनवर काही घ्यायची वेळ आली की आपल्याला फक्त पहिला अर्थ आठवतो: हा फिल्टर की तो, शंभर जीबी की दोनशे. सासूबाईंच्या सुपाकडे बघत मला दुसरा अर्थ शिकावा लागला, आणि तो बराच महाग पडल्यावर कळला.

स्टीलच्या दोन बाटल्या भरते. चार्जरवरून फोन काढते आणि कालचे फोटो वर चढले का ते बघते. चढले आहेत. हे बघणं आता देवाला दिवा लावण्यासारखं रोजचं झालं आहे.

सकाळी ७.१५

जिल्ह्याजिल्ह्यांतले शेतकरी ज्याला वाशी मार्केट म्हणतात, ते खरं म्हणजे तुर्भ्यात आहे. मुंबई बाजार समितीचा कांदा-बटाटा १९८१ साली मुंबईतून इकडे आला, फळं आणि भाजी १९९६ साली. फळबाजारातल्या एका गाळ्यावर मी हिशोब लिहिते. मी पोचते तोवर पहाटेचा लिलावाचा जोर ओसरलेला असतो आणि हापूसच्या पेट्यांचे थर माझी वाट बघत असतात.

पेटी फोडली की वरचा पेंढा बाजूला होतो आणि वासाचा एक झोत तोंडावर येतो. गाळ्यावर काम करणाऱ्या ताई आंबे हातात घेऊन देठाकडून बघतात: तयार इकडे, कच्चा तिकडे, डागी खाली. डागी फार निघाला तर मी फोटो काढते. पेटीवरचा बागायतदाराचा शिक्का आणि आतला माल एकाच फोटोत दिसला पाहिजे. तो फोटो देवगडला किंवा रत्नागिरीला जातो, मागून हिशोबपट्टी जाते. शेतकरी तीनशे-चारशे किलोमीटरवर बसलेला असतो. त्याने मुंबईतल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तो ह्या फोटोच्या जोरावर.

मागच्या हंगामात, ऐन एप्रिलात, माझा फोन पाण्याच्या पिंपात पडला. सुकवला, तांदळात ठेवला, दुरुस्तीला दिला, चालू झालाच नाही. मी निर्धास्त होते, फोटो क्लाउडवर आहेत म्हणून. नव्या फोनवर खातं उघडलं तर शेवटचा फोटो आठ महिन्यांपूर्वीचा, गणपतीचा. जागा भरल्याची सूचना तेव्हापासून येत होती आणि मी ती रोज बोटाने बाजूला सारत होते. एका बागायतदाराने सतरा पेट्यांच्या डागी मालाचा पुरावा मागितला. पट्टीची प्रत वहीत होती, फोटो नव्हता. शेठ मला काही बोलले नाहीत. त्यांनी फरकाचे पैसे शेतकऱ्याला दिले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्या माणसाचा मुद्दा बरोबर होता आणि माझ्या हातात दाखवायला काही नव्हतं.

सकाळी १०.००

जारवाला मुलगा हातगाडीवरून वीस-वीस लिटरचे थंडगार जार उतरवतो. पूर्वी गाळ्यावर कुठलाही जार चालायचा. झाकणाला सील नसायचं, वर नाव नसायचं, पाणी गार लागलं की चांगलं. एका मे महिन्यात गाळ्यावरचे तिघे एकाच आठवड्यात पोटाने आजारी पडले. दोष जारचाच होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण तेव्हापासून आम्ही बघायला लागलो. सीलबंद झाकण, त्यावर पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक. यातलं काही नसलेला जार परत जातो. गारवा हा शुद्धतेचा पुरावा नव्हे, हे वाक्य मी पुठ्ठ्यावर लिहून पिंपाच्या वर टांगलं आहे.

पिंपाला साखळीने बांधलेला एकच पेला होता, तोही काढला. आता प्रत्येकाचा आपला तांब्या किंवा बाटली. पाणी घ्यायला लांब दांड्याचं ओगराळं आहे, हात पाण्यात जात नाही. ह्या सगळ्याला दोनशे रुपयेही लागले नाहीत.

दुपारी १२.३०

पत्र्याखाली ह्या वेळेला भट्टी होते. साताऱ्याकडचे एक हमालकाका ट्रकमधून पेट्या उतरवून येतात आणि थप्पीला टेकतात. शर्ट पाठीला चिकटलेला, खांद्यावरच्या कापडावर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले. १९६९च्या माथाडी कायद्याने ह्या कष्टकऱ्यांच्या मजुरीला आणि भविष्य निर्वाह निधीला आधार मिळाला. अण्णासाहेब पाटलांचं नाव म्हणून इथे आजही आदराने घेतलं जातं. घामाची काळजी मात्र ज्याची त्यालाच घ्यावी लागते.

"काका, पाणी कधी प्यालात?"

"तहान लागल्यावर पिईन की, ताई."

तहान लागेपर्यंत अंगातलं पाणी उतरायला लागलेलं असतं. सावलीत बसून काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला दोनेक लिटर पाणी सहसा पुरतं. उन्हात वजन उचलणाऱ्याला तो हिशोब लागू नाही. त्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी भांडंभर प्यावं. दोन तास कोरडं राहून एकदम तांब्या रिता करण्यापेक्षा हे घोट अंगी लागतात. लघवीचा रंग बघावा: फिकट पिवळा असेल तर ठीक, गर्द झाला तर पाणी कमी पडतंय. घामावाटे मीठही जातं. घाम गळत असताना तासन्तास नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस गळून जातो. म्हणून जेवणाच्या वेळी मीठ घातलेलं ताक, कधी कोकमाचं पाणी, कधी लिंबू. बाजारातच असल्यामुळे शहाळंही सहज मिळतं. पण आमच्या सासऱ्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी सांगितलंय, आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने शहाळंसुद्धा डॉक्टरांना विचारून घ्यावं, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

तरुण पोरं समोरच्या टपरीवरून रंगीत थंड पेय आणतात. अडीचशे मिलिलिटर कोलात साधारण सव्वीस ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत, जमल्यास पंचवीसच्या आत ठेवा म्हणते. एका बाटलीतच पंचवीसचा कोटा संपतो. मी पोरांना रागावत नाही. ताकाचं भांडं आधी हातात देते.

ओआरएसचंही तसंच. खोक्यावर ओआरएस अशी ठळक अक्षरं असलेली गोड पेयं औषधाच्या दुकानात वर्षानुवर्षं विकली गेली. ऑक्टोबर २०२५मध्ये एफएसएसएआयने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ओआरएस हे नाव वापरायला मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी अनेक वर्षं झगडा दिला होता. गाळ्याच्या कपाटात आम्ही खरी पाकिटं ठेवतो. पाकीट नसलंच तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. नीट मोजूनच घालायचं.

ह्या गोष्टीत मी कधी हयगय करत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी इथून जवळच, खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्यासाठी लाखो माणसं भर उन्हात तासन्तास बसली आणि उष्माघाताने चौदा जणांचा जीव गेला. श्रद्धेने आलेली साधी माणसं होती ती. तेव्हापासून कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापून कोरडं पडलं, तर आम्ही त्याला सावलीत आडवं करतो, अंगावर पाणी मारून वारा घालतो आणि १०८ला फोन करतो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं, हे सगळ्यांना पाठ करून घेतलं आहे.

दुपारी ३.००

गाळा धुतला जातो, फरशीवरून आंब्याच्या चिकाचं पाणी वाहतं. आता माझं टेबल माझं. पट्ट्या लिहून झाल्या की पंधरा मिनिटं मी फोन निवडते.

फोन पडल्यावर पहिल्यांदा मला वाटलं होतं, जागा विकत घ्यावी. गुगलकडे शंभर जीबीला महिन्याला १३० रुपये, वर्षाचे १,३००. ज्यांचं कामच फोटो-व्हिडिओचं आहे त्यांनी ते खुशाल द्यावेत, पैसे वाया जात नाहीत. पण आधी माझे फुकटचे पंधरा जीबी कशाने भरले ते बघितलं. ही जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो ह्या तिघांत वाटलेली असते. १ जून २०२१पासून नवे फोटोही तीतच मोजले जातात. २०२४पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्यात धरला जाऊ लागला. आणि माझ्या व्हॉट्सअॅपमध्ये होतं काय? गुलाबावर दव पडलेली सुप्रभातं, एकाच लग्नाचे चार गटांतून आलेले तेच व्हिडिओ, नेत्यांची भाषणं. मिनिटभराचा व्हिडिओ चाळीस-पन्नास फोटोंची जागा सहज खातो. तीन दुपारी बसून निम्म्याहून जास्त जागा मोकळी केली. आलेली प्रत्येक गोष्ट आपोआप गॅलरीत उतरायची, तेही बंद केलं.

निवडताना एक चूक होता होता राहिली. फोन हलका करायचा म्हणून मी फोटोंच्या अॅपमधूनच फोटो पुसायला लागले. दिराने हात धरला. बॅकअप चालू असताना तिथून पुसलं की फोनवरून जातं आणि क्लाउडवरूनही जातं. साठ दिवस कचरापेटीत राहतं, मग कायमचं गेलं. फक्त फोनमधली जागा मोकळी करायचा पर्याय वेगळा असतो. तो वापरायचा, तोही फोटो वर चढल्याची खात्री करून.

कागदपत्रांसाठी आम्ही डिजिलॉकर घेतलं. सरकारने २०१५मध्ये ते सुरू केलं. ह्यांचा टेम्पो आहे. वाहतूक पोलिसांनी थांबवलं तर परवाना आणि गाडीची कागदं फोनवरच दाखवतात. सरकारी खात्यातून थेट आलेली कागदपत्रं कायद्याने मुळाइतकीच ग्राह्य आहेत. नुसत्या फोटोला ती किंमत नाही.

संध्याकाळी ५.४५

जनता मार्केटमधून भाजी घेऊन येताना दीर भेटतो. तो महाप्याला एका डेटा सेंटरमध्ये कूलिंगच्या कामावर आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात, महापे, रबाळे, ऐरोलीला, जिथे पूर्वी रसायनांचे कारखाने होते तिथे आता बिनखिडक्यांच्या उंच इमारती उभ्या आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालून आलेल्या केबल उतरतात, वीज खात्रीची असते, म्हणून हा उद्योग इथे जमला.

"क्लाउड क्लाउड म्हणतात वहिनी, पण ढगासारखं त्यात काही नाही. रांगेने कपाटं, त्यात यंत्रं, आणि यंत्रं सारखी तापतात. चिलर एक मिनिट बंद पडून चालत नाही. कूलिंग टॉवर असेल तिथे पाण्याची वाफ होऊन उष्णता बाहेर जाते. माणसाला घाम येतो तसंच."

पलीकडे, तुर्भे स्टोअरच्या वस्त्यांत, आमच्या गाळ्यावरच्या ताई आत्ता ड्रम भरायला रांगेत उभ्या असतील. मी ठेवलेलं प्रत्येक फालतू सुप्रभात कुठल्यातरी कपाटात वीज खातं, कुठेतरी पाणी आटवतं. माझ्या एकटीच्या पुसण्याने ताईंच्या ड्रमात थेंबही वाढणार नाही, हे मला कळतं. तरी ज्याला पाण्याची किंमत माहीत आहे, त्याने खडे साठवू नयेत.

रात्री ८.३०

जेवणं झाली. सासूबाईंच्या ओव्यांची वेळ. जातं पाटण तालुक्यातल्या घरी राहिलं, ओव्या तोंडात राहिल्या. तांदूळ निवडताना त्या गुणगुणतात तेव्हा मी हळूच फोन शेजारी ठेवते. फोन पडला तेव्हा त्यांच्या नऊ ओव्या गेल्या. सहा त्यांनी पुन्हा म्हटल्या. तीन त्यांना आठवल्याच नाहीत.

म्हणून ओव्यांच्या आता तीन प्रती असतात. एक फोनमध्ये, एक क्लाउडवर आणि एक छोट्या हार्डडिस्कवर. ती डिस्क महिन्यातून एकदा दिराच्या घरून येते, भरली की परत जाते. आग लागली, पाणी शिरलं, तरी सगळं एका ठिकाणी नको. खात्याला दोन टप्प्यांची कुलूपबंदी केली आहे. व्हॉट्सअॅपच्या बॅकअपला २०२१पासून स्वतंत्र कूटबद्ध कुलूप लावता येतं, तेही लावलं. त्याचा पासवर्ड हरवला तर कोणीच उघडू शकत नाही, म्हणून तो कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवला. सासूबाईंच्या नावाचं खातं महिन्यातून एकदा तरी उघडते. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल पुसू शकतं, आणि कितीही निवडून ठेवलं तरी मग त्याचा काय उपयोग?

"ऐकव," सासूबाई म्हणतात. डोळे मिटून ऐकतात, तांदळासारखंच निवडतात. "ही ठेव. ही नको, हीत माझा शब्द चुकलाय." चुकलेली मी त्यांच्या समोरच पुसते. त्यांची ओवी, त्यांची निवड.

रात्री १०.१५

उद्याच्या बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या. सासऱ्यांच्या उशाशी झाकलेला तांब्या. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी जाणवते, म्हणून झोपण्याआधी दोन घोट त्यांना आठवणीने देते.

शेवटची एक ओवी राहिली होती, आज पहाटेची. सासूबाईंनी ऐकली आणि हात हलवला. "ही काढून टाक. मधेच नळाला पाणी आलंय."

मी पुन्हा लावली. ओवीच्या दुसऱ्या ओळीत मागे ती फुसफुस ऐकू येते, चार थेंब, मग बादलीत पडणारी धार. तिच्यावरून सासूबाईंचा आवाज न थांबता पुढे जातो.

"आई, ही ठेवू?"

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ठेव."